गणपत नमुने, खालची आळी

एका गावात एक प्रोग्रामर राहत होती. खेड्यात प्रोग्रामर कुठून आली, असं विचारू नका, हल्ली असतात. तिचं नाव शलाका. बुद्धीनं तल्लख, स्वभावानं लाघवी. खोड एकच. आपल्या कामात कुणी खुसपट काढलेलं तिला खपत नसे.

गावातल्या छोट्या इस्पितळात भागीरथी सिस्टर तीस वर्षं रक्तदात्यांची वही सांभाळत होत्या. त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा शलाका म्हणाली, "सिस्टर, वही माझ्याकडे द्या. तुम्ही नुसता रक्तगट सांगायचा, नाव माझा प्रोग्राम देईल."

तिनं सगळी नावं डेटाबेसमध्ये भरली. डेटाबेसकडे त्या रक्तगटाची यादी मागायची, नुकतंच रक्त दिलेले वगळायचे, जवळ राहणारे आधी लावायचे आणि पहिलं नाव उचलायचं. चार छोटी फंक्शन्स, एकानं दिलेलं दुसऱ्यानं घ्यायचं. शलाका त्यांच्याकडे आईच्या कौतुकानं बघत राहिली.

पण तिनं निवडलेली भाषा मोठी काटेकोर. प्रत्येक फंक्शन काय घेतं आणि काय देतं, हे आधी लिहून द्यावं लागे. कंपायलर ते तपासल्याशिवाय प्रोग्राम पुढे सोडत नसे. शलाकानं शेवटच्या फंक्शनसाठी लिहिलं होतं, 'यादी घेतं, रक्तदाता देतं.' कंपायलर अडून बसला. यादी रिकामी असली, तर रक्तदाता कुठून देणार?

खरं तर 'देतं' काढून 'असला तर देतं' असं लिहिलं की झालं. पण मग त्या उत्तरावर विसंबलेल्या तेवीस जागा बदलाव्या लागल्या असत्या. शलाका वैतागली. यादी रिकामी असेल तेव्हा 'गणपत नमुने, खालची आळी' हे नाव द्यायचं, असं तिनं लिहून टाकलं. असा माणूस गावात कधी जन्मलाच नव्हता. कंपायलरला माणूस हवा होता, तो मिळाला. कंपायलर गप्प झाला.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी इस्पितळात एक दिवस भरलेली गरोदर बाई आली. रक्तस्राव थांबेना. रक्तगट ओ निगेटिव्ह. सिस्टरांनी प्रोग्रामला विचारलं, आणि क्षणात नाव आलं. नाव ओळखीचं नव्हतं, पण शलाकानं नवा कुणी नोंदवला असेल असं समजून त्यांनी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला खालच्या आळीला पिटाळलं. त्यानं दारोदार विचारलं. अर्धा तास गेला.

शेवटी सिस्टरांनी शलाकाला फोन केला. "अगं, हा गणपत नमुने राहतो तरी कुठं? सगळी आळी पालथी घातली. इकडं पोरीचं अंग गार पडाय लागलंय."

शलाकाला लगेच सगळं उमगलं. 'घर बदललं असेल हो,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. ते गिळून ती म्हणाली, "सिस्टर, असा माणूसच नाही. तो मी घातलाय. त्या रक्तगटाचं आपल्याकडे कुणीच नाही."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि लगेच जिल्ह्याच्या रक्तपेढीला लावला. तासाभरात रक्ताच्या पिशव्या आल्या. बाई वाचली. दुपारी तिला मुलगी झाली.

शलाका खाली मान घालून इस्पितळात गेली. सिस्टरांनी तिला जवळ बसवलं, चहा दिला.

"खरं बोललीस, म्हणून दोघी वाचल्या," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते, बाळ. रिकामं पान मला काही नवं नाही. वहीत पान रिकामं दिसलं, की मी त्याच पावली जिल्ह्याला फोन करायचे. तुझ्या नमुनेनं मला अर्धा तास आशेवर बसवून ठेवलं."

शलाकाला रडू आवरेना. घरी येऊन तिनं गणपत नमुनेला पुसून टाकलं. कंपायलरनं लगोलग तेवीस तक्रारी मांडल्या. या खेपेला ती वैतागली नाही. एकेक तक्रार वाचून तिनं निस्तरली. आता यादी रिकामी असली की पडद्यावर, अधू डोळ्यांनाही दिसेल अशा टपोऱ्या अक्षरांत, एवढंच येतं: 'रक्तदाता नाही. जिल्ह्याला फोन करा.'

तात्पर्य: नसेल तर नाही म्हणावं, खऱ्या नकारानं माणूस दुसरं दार ठोठावतो, खोट्या होकारानं पहिल्याच दारात ताटकळत राहतो.