मोगऱ्याखालची जमीन

पूर्वी कांपिल्य नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीलगतच्या आळीत, फुले विकणाऱ्या एका घरी जन्मला होता. उत्पला ही त्याची पत्नी. एके सकाळी ती परसात कण्या पाखडीत बसली होती आणि घरच्या चार कोंबड्या पायाशी घुटमळत होत्या. तेवढ्यात नदीपलीकडून एक गाडीवान आला. त्याने आधी दोन मोठ्या टोपल्या उतरवल्या, मग मान खाली घालून सांगितले, की तुमचा मुलगा सोमिल तिकडे तापाने गेला. टोपल्यांत सोमिलने पाळलेल्या कोंबड्या होत्या.

"ही तांबडी त्याच्या खांद्यावर बसायची," गाडीवान म्हणाला.

उत्पलेने सूप खाली ठेवले नाही. कण्या पाखडून झाल्या, मगच ती आत गेली.

परस लहान होते. त्याला लागून मोगऱ्याची बाग होती. सोमिलने ती पोरवयात स्वतः लावली होती आणि घर तिच्याच फुलांवर चालत असे. नव्या कोंबड्या सोडल्या तेव्हा परसात पाऊल टाकायला जागा उरली नाही. बोधिसत्त्व दिवसभर ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळी तो म्हणाला, "यांचे इथे भागायचे नाही. उकरायला माती हवी, अंग घोळायला कोरडी धूळ हवी, दुपारची सावली हवी. दुबळीला पळून लांब जाता आले पाहिजे. मोगरा काढावा लागेल."

"त्याच्या हातचे तेवढेच उरले आहे."

"या कोंबड्याही त्याच्याच हातच्या."

"त्यांचे मी बघते. तुम्ही कुदळीला हात लावू नका. वर्ष फिरू द्या, नाहीतर त्याची झोप मोडेल."

त्या आळीत रीत होती, की ज्या घरचे माणूस गेले, त्यांनी वर्ष फिरेपर्यंत जमीन खणायची नाही. खणले तर गेलेल्याची झोप मोडते, असे लोक मानीत. बोधिसत्त्वाचा त्यावर विश्वास नव्हता. पण त्याने उत्पलेच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कुदळ जागेवर ठेवून दिली.

उत्पला कोंबड्यांना पोटभर दाणे घाली, पाणी बदली, नावे घेऊन त्यांच्याशी बोले. दाण्यांनी जागा वाढत नव्हती. गवत संपले, मातीचा राडा झाला, आणि कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागल्या. काही घरघरू लागल्या, मरू लागल्या. एका सकाळी तांबडी कुंपणाच्या कोपऱ्यात मरून पडलेली सापडली. तिच्या पाठीवर एक पीस उरले नव्हते.

तिला पदरात घेऊन उत्पला नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"खणा."

"त्याची झोप मोडेल म्हणत होतीस."

"मोडू द्या. उठला तर बरेच."

बोधिसत्त्वाने मोगरा काढला. सावलीपुरती दोन झुडपे ठेवली. एका भागात कोंबड्या फिरतील तोवर दुसऱ्यात गवत वाढेल, अशी बागेची वाटणी केली.

शेजारची भद्दा बघायला आली. "फुलांचे घर आता अंड्यांवर चालणार वाटते. तेही वर्ष फिरायच्या आत."

"अंडी तुला फुकट देईन, मावशी," उत्पला म्हणाली. "जरा सरक, तिथे खांब रोवायचा आहे."

उरल्यासुरल्या कोंबड्या नव्या जमिनीवर आल्या. मोगऱ्याच्या उपटलेल्या मुळांपाशी माती भुसभुशीत झाली होती. तिथे डोळे मिटून त्या लोळू लागल्या. उत्पलेला ते बघवले नाही. फुलांची कमाई गेली, आणि त्या वर्षी घरात बहुतेक दिवस कण्यांची पेजच शिजली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा मृणाला नावाच्या उपासिकेला सांगितली. तिचा मुलगा वारला होता, आणि त्याची खोली ती त्याच्या लहान भावंडांना उघडू देत नव्हती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची भद्दा म्हणजे आज तुझी जाऊ. उत्पला तू होतीस. फुले विकणारा तो गृहस्थ मीच. मागे राहिलेल्या जिवांना जागा करून देणे, ही करुणा. ती उशिरा झाली, म्हणून तांबडी वाचली नाही."

मृणाला घरी गेली आणि तिने खोलीचे दार उघडून दिले.

त्या जन्मीचा सोमिल आज कोण आहे, असे तिने शास्त्यांना विचारले होते. ते सांगायचे राहिले.