शत्रूच्या घोड्यांना वैरण

एकदा एका छोट्याशा राज्याच्या सीमेवर शेजारच्या बलाढ्य राज्याचे घोडदळ येऊन उतरले. ना निरोप, ना कारण. नदीच्या पलीकडच्या काठावर राहुट्या उभ्या राहिल्या आणि अलीकडच्या गावांतली माणसे चीजवस्तू बांधू लागली.

राजाने तातडीने सभा बोलावली. त्या सभेत सर्वांत प्रभावी बोलला तो विश्वंभर. राज्याच्या वृद्ध अमात्यांच्या पाठशाळेत तो राजनीती शिकत होता, आणि इतका तल्लख विद्यार्थी अमात्यांना कित्येक वर्षांत लाभला नव्हता.

"महाराज," तो म्हणाला, "शेजारच्या राज्याला आपला घाट हवा आहे, घाटातली जकात हवी आहे. त्यांनी युद्ध करायचे ठरवले आहे. त्यांच्याआधी आपले सैन्य नदीवर पोहोचले तरच निभाव लागेल."

सेनापतींनी मान डोलावली. राजाने अमात्यांकडे पाहिले.

"मला उद्याचा दिवस द्या, महाराज," अमात्य म्हणाले. "आणि राजगोठ्यातला कडबा द्या. गाड्या भरून."

"कशासाठी?"

"पलीकडच्या घोड्यांसाठी."

सभेत हशा पिकला. सेनापती मात्र संतापले. "शत्रूचे घोडे आपण पोसायचे? त्याच घोड्यांवरून ते आपल्या उरावर येतील!"

"तसे झाले तर अपराध माझा. महाराज देतील ती शिक्षा मला मान्य."

राजाने बऱ्याच विचारांती होकार दिला. विश्वंभराची मान शरमेने खाली गेली. आपले गुरू म्हातारे झाले, घाबरले, असेच त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या. अमात्यांनी बरोबर रक्षक घेतले नाहीत, दरबारी गाडीवानही घेतले नाहीत. पाठशाळेतले जे विद्यार्थी स्वखुशीने पुढे आले त्यांच्या हाती कासरे दिले आणि पहिली गाडी स्वतः हाकली. गुरूंना एकटे कसे सोडायचे म्हणून विश्वंभरही त्यांच्या शेजारी बसला.

नदीच्या उतारावरून गाड्या पलीकडच्या काठावर चढल्या तोच भाल्यांनी त्यांना घेरले. छावणीचा सेनानी पुढे आला. पिकल्या मिशांचा, उन्हाने रापलेला माणूस.

"हे काय आहे?"

"वैरण," अमात्य गाडीतून सावकाश उतरत म्हणाले. "तुमच्याकडे यंदा पाऊस झाला नाही, असे व्यापारी सांगत होते."

"आणि यात विष नाही कशावरून?"

अमात्यांनी पेंढी सोडली आणि आपल्याच बैलांपुढे टाकली. बैल खाऊ लागले. सेनानी पाहत राहिला. विश्वंभराची नजर तेवढ्यात मागच्या घोड्यांकडे गेली. त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. या घोड्यांवरून राज्ये जिंकायला कोणी निघत नाही, हे त्याच्या ध्यानात आले.

सेनानीचा आवाज खाली आला. "आजोबा, बोलू नये, पण बोलतो. नदीकाठी गवत आहे म्हणून घोडे आणले. आता आमच्या दरबारात काही जण म्हणतात, आलोच आहोत तर पलीकडेही जाऊ. काही नको म्हणतात. आमचे महाराज दोघांचेही ऐकतात. काल तुमच्या बाजूला सैन्याची धूळ दिसली असती, तर मला दुसरा निरोप धाडावा लागला असता."

"आता कोणता धाडाल?"

"जे पाहिले त्याचा." त्याने स्वतः पुढे होऊन वृद्धाला गाडीत चढवले.

परतताना विश्वंभराने न राहवून विचारले, "आचार्य, ते लढायला आले आहेत की नाहीत, हे आपल्याला आधी ठाऊक नव्हते. मग एवढे धाडस?"

"ठाऊक नव्हते म्हणूनच," अमात्य म्हणाले. "तू म्हणालास, राज्याने ठरवले आहे. बाळ, राज्य म्हणजे एक डोके नव्हे. तिथेही सभा भरते, भांडते, आणि राजा कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. आपण धाडतो ते सैन्य असो की कडबा, त्यांच्यातल्या कोणाच्या तरी हाती बळ देऊन जाते. ते कोणाला द्यायचे, एवढेच आपल्या हाती असते."

"आणि त्यांनी आपल्याला कापले असते तर?"

"तर ते लढणार, हे उत्तर महाराजांना मिळाले असते. म्हणून तर मी स्वतः आलो, आणि हुकूम करून कोणाला आणले नाही."

विश्वंभराने त्यांच्याकडे पाहिले. कासरा त्यांनी अजून स्वतःच धरला होता. ज्याला तो भय समजला होता ते धाडस होते, हे त्याला आता दिसले. त्याने हलकेच कासरा आपल्या हाती घेतला.

पुढे पलीकडच्या मुलखात पाऊस झाला आणि राहुट्या उठल्या. सभेत सेनापती मोकळेपणाने हसले. "म्हणजे गवतासाठीच आले होते म्हणायचे! आपला विश्वंभर उगाच घाबरला."

विश्वंभर उभा राहिला.

"नाही, सेनापती. युद्धही झाले असते. आम्ही नदी ओलांडली तेव्हा ते काय करणार, हे त्यांचेच ठरले नव्हते."

अमात्यांनी आपल्या बैठकीवर थोडे सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.