विसराची जुनी कुपी

एका राज्यात झोप उरली नव्हती. शिकारीच्या डंक्यांनी एका यक्षिणीची झोप मोडली, म्हणून तिने साऱ्या राज्याची झोप हिरावून घेतली; एकाचा तरी डोळा लागेल, तेव्हाच हा शाप तुटणार होता. बैल उभ्या उभ्या डुलत, पण डोळा मिटत नसे. राणी मृगावतीचा श्वास क्षीण झाला. राजवैद्य म्हणाले, "आज सूर्य मावळण्याआधी झोपल्या नाहीत, तर राणीसाहेब वाचणार नाहीत."

राजा सुषेणाने म्हाताऱ्या मांत्रिकाला, केरोबाला बोलावले. निद्रामंत्र तीन मंत्रांच्या जोडणीने बने: अंधार, गारवा आणि विसर. प्रत्येक मंत्र आधी ताडपत्रावर लिहीत, मग कुपीत भरून तोंड लाखेने बंद करीत. कुप्या आणण्याचे काम त्याच्या पाळीव साळुंकीचे. तिची रीत ठरलेली होती. आधी केरोबाच्या बैठकीपाशी पाहायचे, मग राजकोठारात, मग केरोबा सांगेल त्या क्रमाने गुहांमध्ये. कुपीशेजारचे ताडपत्र कुपीहून नवे असेल, तर कुपी त्यावरून पुन्हा भरून घ्यायची. नाहीतर त्या नावाची पहिली कुपी दिसताच चोचीत धरून परतायचे. वापरून कुपी रिती होत नसे, म्हणून काम झाले की ती जागच्या जागी ठेवायची.

साळुंकीने तिन्ही कुप्या आणल्या. मंत्र जोडला. अंधार आला, गारवा आला. राणी आपले पैंजण कुठे ठेवले ते विसरली, आणि जागीच राहिली.

केरोबा म्हणाला, "विसर कच्चा पडला. नवा, पक्का विसर उत्तरेच्या गुहेत आहे. गुहांमध्ये तीच आधी बघ."

साळुंकी गेली आणि आली. या वेळी राणी आपल्या मोराचे नाव विसरली.

राजा हळूच म्हणाला, "केरोबा, अशाने ती मलाही विसरेल, आणि जागीच राहील."

ऊन भिंतीवर चढले होते. केरोबाने साळुंकीला जवळ घेतले. "बाई, विसराची कुपी कुठे मिळाली?"

"तुमच्याच बैठकीखाली."

"मग उत्तरेला गेलीस का?"

"कशाला जाऊ, बाबा? तुम्ही नाव सांगितले, त्या नावाची कुपी मिळाली."

"शिळी होती गं ती."

"शेजारी ताडपत्र नव्हते. शिळी की ताजी, मी कशी ओळखणार?"

केरोबाने बैठक उचलली. खाली ती कुपी होती, त्याच्या हातचे पहिले काम. तिचे ताडपत्र केव्हाच कसरीने खाल्ले होते, कुपी मात्र त्याने मायेने जपली होती. त्याने ती क्षणभर तळहातावर धरली, आणि उंबऱ्यावर फोडली.

"आता जा."

साळुंकीने बैठकीपाशी पाहिले, काही नव्हते. कोठारात पाहिले, काही नव्हते. मग ती उत्तरेला उडाली.

सूर्य टेकता टेकता नवा विसर आला. केरोबाने मंत्र तिसऱ्यांदा जोडला. राणी दिवसभराचा शीण विसरली, भीती विसरली, आणि तिच्या पापण्या मिटल्या. शाप तुटला. राजा पायरीवरच कलंडला. दवंडीवाला शुभवार्ता सांगायला निघाला, तो अर्ध्या वाक्यावर घोरू लागला.

"बाबा, आणखी काही आणू?"

"नको. ये, पंख मिट."

दुसऱ्या दिवशी त्या राज्यात सूर्य नेहमीसारखा उगवला, आणि त्याला पाहायला कोणीही जागे नव्हते.