टिकलीआत्या आणि बारशाची गाडी

होती एक चिचुंद्री. केवढी? एवढीश्शी! टिकलीएवढी. म्हणून तिचं नावच टिकली.

टिकली झाली आत्या! भावाच्या घरी बाळ आलं. आज बाळाचं बारसं. पाळणा सजला. घुगऱ्या शिजल्या. पण आत्याने कानात सांगितल्याशिवाय बाळाला नाव कसं मिळणार? तोवर सगळे बाळाला म्हणणार, "ए! ए!" बिचारं बाळ!

टिकली नटली. गाडीत बसली. गाडी निघाली.
फट् फट् फट्... खटर्र... फुस्स!
गाडी बंद!

सरडेमिस्त्री आले. मान वर, मान खाली. मान वर, मान खाली.
"काय झालं, मिस्त्री?"
"इंजिन गेलं, ताई. आता दुसरी गाडी बघा. जुनी का होईना!"

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. बेडूकशेठकडे. बेडूकशेठ जुन्या गाड्या विकायचे.
"शेठ, शेठ!
गाडी चालेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"डरांव! ही घ्या," शेठ म्हणाले. "कासव डॉक्टरांची गाडी. कधी पळवलीच नाही! तुमची मोडकी द्या, ही न्या."

टिकली बसली. किल्ली फिरवली.
घुर्र... घुर्र... गप्प!
"शेठ, ही पण चालेना!"
"चालते हो! एकदम झकास आहे. फक्त ढकलावी लागते."
"मग ढकला ना!"
"मी? मी शेठ आहे! आधी रेडा, मग मी!"

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. रेडा लोळत होता चिखलात.
"रेडेमामा, रेडेमामा!
शेठ ढकलेना,
गाडी चालेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"हंऽऽ," रेडा म्हणाला. "पाठीवर गोचीड बसलेत. खाज सुटलीय. बगळ्याला सांग, गोचीड टिप. आधी बगळा, मग मी!"

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. बगळा उभा होता पाण्यात. डोळे मिटून, एका पायावर.
"बगळेबुवा, बगळेबुवा!
रेडा उठेना,
शेठ ढकलेना,
गाडी चालेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"शूऽऽ! माझं ध्यान चाललंय," बगळा म्हणाला.
ध्यान कसलं आलंय! पाण्यात खेकड्याने त्याचा पाय धरला होता. पण बगळा सांगतोय होय? मग हळूच म्हणाला, "आधी खेकडा, मग मी!"

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. वाकली पाण्यावर.
"खेकडेराव, खेकडेराव!
बगळा हलेना,
रेडा उठेना,
शेठ ढकलेना,
गाडी चालेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"मी कसा सोडू?" खेकडा म्हणाला. "मागच्याने माझा पाय धरलाय. आधी मागचा, मग मी!"

टिकली गेली मागच्याकडे. तोही खेकडाच!
"मागचेराव, मागचेराव!
खेकडा सोडेना,
बगळा हलेना,
रेडा उठेना,
शेठ ढकलेना,
गाडी चालेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"माझाही पाय धरलाय. आधी माझ्या मागचा, मग मी!"

त्याच्या मागे खेकडा. त्याच्याही मागे खेकडा. टिकली गेली, गेली, गोल फिरली. सगळ्यात मागे कोण? पहिलाच खेकडा! सगळे एकमेकांचे पाय धरून बसलेले. आणि वर म्हणतात, "आधी मागचा!"

आता मात्र टिकली चिडली. शेपटी ताठ! मिशा ताठ! आणि चिचुंद्री चिडली की काय होतं?
वास सुटतो! घम्म! घम्म! घम्म!

"ईऽऽऽ!" खेकडे ओरडले.
"ईऽऽऽ!" बगळा ओरडला.
"ईऽऽऽ!" रेडा ओरडला.
"डरांव ईऽऽऽ!" शेठ ओरडले. "जा गं बाई, जा! पोच एकदाची बारशाला!"

मग काय झालं?
मागचा सोडायला लागला,
खेकडा सोडायला लागला,
बगळा हलला, टकाटक गोचीड टिपले,
रेडा उठला, धडाम धक्का मारला,
शेठनीही ढकलली! (एक बोट लावलं, बरं का.)
घुर्रर्र... फट् फट् फट्! गाडी चालली!
"बघा, म्हटलं नव्हतं? झकास गाडी!" शेठ नाक धरून म्हणाले.

आणि आत्या पोचली!

बाळ रडत होतं. टॅहॅ! टॅहॅ! टिकली पाळण्यात वाकली. बाळाच्या कानाला ओठ लावले. हळूच नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत घातले धपाधप धपाटे. "कुर्रर्रऽऽऽ!"

"काय ठेवलं, आत्याबाई, काय ठेवलं?"

टिकली ऐटीत म्हणाली, "कस्तुरी!"

उंदीर पाहुण्यांनी नाकाला पदर लावले. घुशींनी नाकाला रुमाल लावले. आणि सगळे म्हणाले, "वा वा! काय सुवासिक नाव!"

टिकलीला मिळाली मानाची साडी आणि वाटीभर घुगऱ्या.

आणि कस्तुरी? तिचं रडणं कधीच थांबलं होतं. तिने आत्याच्या कुशीत नाक खुपसलं. लांब श्वास घेतला. अहाहा! किती छान वास! आणि ती गाढ झोपली.

घुगऱ्या संपल्या, गोष्ट संपली!