हरणी घोडीचं बाळंतपण

“आज सूर्य मावळायच्या आत हरणी आमच्या डोळ्यांसमोर व्याली पाहिजे! नाहीतर येसबा, उद्यापासून तू या पागेत दिसायचं नाही!”

वेताळगडच्या रायाजीराव महाराजांनी हुकूम सोडला आणि म्हातारा येसबा मोतद्दार मटकन खाली बसला. घोड्यांची निगा राखण्यात त्याचा जन्म गेला होता या पागेत. चल म्हटलं की घोडी चालते, थांब म्हटलं की थांबते, हे खरं. पण बाळंत हो म्हटल्यावर कधी कुणी झालंय?

त्याचं झालं होतं असं. शेजारच्या राजाने भर पंगतीत महाराजांना विचारलं, “रायाजीराव, एवढ्या घोड्या पाळता, पण शिंगरू जन्मताना कधी पाहिलंत का हो?” झालं! महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लाडक्या हरणीचे दिवस भरत आले होते. महाराजांनी तिच्या ठाणासमोर मांडव घातला, गादी टाकली आणि तक्क्याला टेकून बसले.

राजा बसला म्हणजे दरबार बसणारच. दिवाणजी आले, सरदार आले, पानदान घेऊन हुजरे आले. शिंगरू जमिनीवर पडलं की वाजवायला चौघडेवाले आले. त्यांचे हात रिकामे कसे राहणार? मधूनच एखादी थाप मारून बघायचे! राजा बोले, दळ हाले. हरणी मात्र हालेना. तिला घाम सुटायचा, ती गोल गोल फिरायची, वळून पोटाकडे बघायची. एवढ्यात कुणीतरी ओरडायचं, “आली, आली वेळ!” सगळा दरबार ठाणाच्या आडव्या बांबूवरून माना काढायचा, आणि हरणी सगळं थांबवून गवत चघळू लागायची. असे कैक दिवस गेले आणि महाराजांनी खापर फोडलं ते येसबाच्या डोक्यावर.

येसबाची लेक अनशी तिथेच कोपऱ्यात हरभरे भिजवत होती. बापाचा चेहरा पाहून तिला आधी रडू आलं आणि मग राग आला. राग आला की इतरांची अक्कल जाते. अनशीची यायची! पदर खोचून ती थेट गादीपुढे जाऊन उभी राहिली.

“सरकार, हरणी आज व्याली म्हणून समजा! पण आधी सरकारांनी एक काम करून दाखवायचं.”

“ए पोरी,” दिवाणजी खेकसले, “जिभेला काही हाड?”

“बोलू द्या तिला,” महाराज म्हणाले. “कसलं काम?”

“लई सोपं हाय. हितंच, ह्या गादीवर, घटकाभर झोपून दाखवायचं.”

महाराज खो खो हसले. “झोपायचं? अगं, हे तर आम्ही लहानपणापासून करतो आहोत!” आणि त्यांनी पागोटं काढून ठेवलं, अंगावर शाल ओढली, डोळे मिटले.

अनशी मंडळींकडे वळली. “महाराज झोपताना कुणाला बघायचंय? या, या, म्होरं या! चौघडेवाले, टिपऱ्या उचला. झोप लागली रं लागली की वाजवायचं!”

अशी संधी कोण सोडतो? सगळे गादीवर वाकले. दिवाणजींनी हळूच विचारलं, “लागली का, महाराज?” एक सरदार म्हणाला, “गप्प! डावी पापणी हलली!” दुसरा धीर देऊ लागला, “झोपा महाराज, झोपा, आता थोडंच राहिलंय!” महाराजांनी ही कूस घेतली, ती कूस घेतली. शेवटी ताडकन उठून बसले.

“अरे, तोंडावर असे गिधाडांसारखे वाकलात तर झोप येईल कशी? निघा! सगळे निघा इथून!”

“ऐकलंत?” अनशी म्हणाली. “इतकं दिस हरणी ह्येच सांगतीया, सरकार! तिला बोलता येत न्हाई, एवढंच.”

 महाराजांनी हरणीकडे पाहिलं. हरणीनेही त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात हलवला आणि अख्खा दरबार चौघड्यासकट बाहेर गेला.

“आम्ही मात्र बसणार!” महाराज हट्टाने म्हणाले.

“बसा की! पर बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई. तक्क्याला टेकून गप पडून ऱ्हावा.”

अनशी आणि येसबा गवताच्या गंजीआड बसले. पागा शांत झाली. इतक्या दिवसांच्या दुपारच्या झोपा बुडालेल्या, वर मऊ तक्क्या! महाराजांनी एक जांभई दिली, मग दुसरी. थोड्याच वेळात ते चक्क घोरू लागले. येसबा घाबरून त्यांना उठवायला निघाला, तर अनशीने त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं.

हरणीने एकदा घोरणाऱ्या राजाकडे पाहिलं आणि निवांत अंग टाकलं. आधी दोन इवले खूर दिसले, मग नाक, आणि बघता बघता काळंभोर शिंगरू गवतावर आलं! येसबाच्या डोळ्यांना धारा लागल्या. हरणीने शिंगराला चाटून चाटून कोरडं केलं. ते धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि कासेला लागून चुरूचुरू दूध पिऊ लागलं.

त्या आवाजाने महाराजांचे डोळे उघडले.

“हे... हे कधी झालं? आम्हाला उठवलं का नाही? हुकूम मोडलात! आमच्या डोळ्यांसमोर व्यायला हवी होती!”

येसबा गंजीआड आणखी खाली सरकला. अनशीने मात्र हात जोडले.

“डोळ्यांसमोरच व्याली की, सरकार! ही काय, चार हातांवर! आता डोळं मिटल्यालं हुतं, त्याला ती बिचारी काय करणार? तिला हुकूम व्यायचा हुता, त्यो तिनं पाळला. बघायचं काम सरकारांचं हुतं!”

महाराज गडगडाट करून हसले. शिंगरू दचकून आईच्या पोटाखाली शिरलं.

“शूऽऽ!” अनशी म्हणाली.

महाराजांनी झटकन तोंडावर हात ठेवला. हसू आवरेना, पोट गदगदा हलत होतं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी अनशीच्या ओंजळीत टाकलं आणि कुजबुजले, “येसबा, पागा तुझीच! आणि आजपासून या पागेत घोडी व्यायला झाली की हुकूम चालेल तो अनशीचा. आमचासुद्धा नाही!”