दस्तगीर उस्तादांचा गंडा

“…पण सेहेचाळीस वर्षांत तुमच्या हाताखालच्या एकाचंही बोट गेलं नाही, ते कसं?” श्रेयांसनं तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद ड्रिल मशीनच्या चकमध्ये, म्हणजे ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात, अंगठ्याएवढं जाड ड्रिल बसवत होते. बसवून झालं. चक आवळायची किल्ली त्यांनी काढली, शर्टाच्या खिशात टाकली, खिशावरून एकदा हात फिरवला आणि मगच मान वर केली.

“बोटं गेली असती, तर तू आला असतास?”

“नसतो आलो.”

“मग तुझ्यासाठीच ठेवली म्हण.”

मागं ट्रॉलीच्या चाकाशी बसलेला त्यांचा कामगार सिद्राम खो खो हसला.

मिरज-मालगाव रस्त्यावर ही पत्र्याची शेड आहे. तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. हातातल्या ग्राइंडरपासून माणसाहून उंच ड्रिल मशीनपर्यंत सगळं विजेवर घरघरतं. दस्तगीर मुजावर शेडचे मालक नव्हेत, पण शेड त्यांच्याच नावानं ओळखली जाते. त्या पट्ट्यातल्या कारखान्यांत काम मागायला गेलेल्या माणसाला शिक्षण कुणी विचारत नाही. ‘उस्तादांच्या हाताखाली होतो’ एवढं म्हटलं, की मालक खुर्ची पुढं सरकवतो.

श्रेयांस मगदूमकडं अशी ओळख नव्हती. त्याच्याकडं जर्मनीतली पाच वर्षं होती, यंत्रशास्त्राची पदवी होती आणि एक वेड होतं.

वेडाचं कारण साधं होतं. शाळेत त्याच्या शेजारी बसणारा अभिनंदन एका कारखान्यात लागला आणि चौथ्या महिन्यात उजव्या हाताची तीन बोटं घालवून घरी बसला. श्रेयांसनं तिकडची नोकरी सोडली आणि गावाकडं येऊन एक शाळा बांधली. विजेची अवजड हत्यारं अंगाला इजा न होऊ देता कशी चालवायची, ते कामगारांना शिकवणारी शाळा. मशीन आल्या. फळे लागले. बाकं मांडली.

बाकांवर बसायला कुणी आलं नाही.

अकरा कारखान्यांच्या मालकांनी त्याला चहा पाजला आणि अकरा जणांनी एकच सांगितलं. “उस्ताद हो म्हणू देत, दुसऱ्या दिवशी आमची माणसं पाठवतो.”

उस्ताद हो म्हणत नव्हते. पहिल्या भेटीत त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या भेटीत श्रेयांस दिवसभर एका लोखंडी ठोकळ्यावर बसून राहिला, तर संध्याकाळी त्यांनी त्याला ठोकळा आत ठेवायला सांगितला.

आज तो पिशवी घेऊन आला होता.

“उस्ताद, मला सगळे नियम पाठ आहेत. बावीस नियम मी स्वतः लिहून काढलेत.”

“म्हण.”

श्रेयांस उभा राहिला. घसा साफ केला.

“एक, वायर सोललेली असेल तर मशीनला हात लावायचा नाही. दोन, अर्थिंग तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तीन, ग्राइंडरचं गार्ड कधीही काढायचं नाही. चार, चकतीला तडा आहे का बघायचं. पाच, डोळ्यांवर चष्मा…”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. अजान ऐकावी तसे ते ऐकत होते.

“…आठ, ड्रिल चालवताना हातमोजे घालायचे नाहीत. नऊ, अंगावर लोंबणारं काही नको, सैल कपडे, घड्याळ, अंगठी, साखळी, काहीही. दहा, चकती किंवा ड्रिल बदलायच्या आधी प्लग काढायचा…”

बावीसही झाले. एकदाही अडखळला नाही.

उस्तादांनी डोळे उघडले. “एकबी चुकला न्हाई.”

“मग?”

“मग काय? तुला सगळं येतंय. माझ्याकडं कशाला आलास?”

सिद्राम पुन्हा हसला. “घ्या! पैलवान पास होऊन पण आखाड्याबाहेर.”

श्रेयांसचे कान तापले. पण तो मागं हटायला आला नव्हता.

“मला येतं, उस्ताद. पण येणं वेगळं आणि तुमच्या माणसांची वीसच्या वीस बोटं शाबूत असणं वेगळं. त्या दोन्हींच्या मधलं जे आहे ते मला पाहिजे.”

उस्ताद फडक्यानं मशीनचं टेबल पुसू लागले.

“तुमच्या मिरजेत गाणं शिकायचं तर गुरूकडून गंडा बांधून घेतात. मीही रीतसर आलोय.”

त्यानं पिशवी उघडली. नारळ काढला. गूळ-फुटाण्यांची पुडी काढली. शेवटी लाल-पिवळ्या धाग्यांचा पीळ दिलेला, हातभर लांब गंडा काढून दोन्ही तळव्यांवर धरला.

“आज मी गंडा बांधून घेतल्याशिवाय जाणार नाही.”

उस्तादांनी गंड्याकडं बघितलं, मग सिद्रामकडं.

“सिद्राम, सत्तर वर्षांत जो आला तो मला गंडा घालायलाच आला. बांधून घ्यायला आलेला हा पहिलाच.”

हसून हसून सिद्रामला ठसका लागला. श्रेयांसलाही हसू आलं, पण त्यानं तळवे खाली केले नाहीत.

उस्तादांचं हसणं ओसरलं. त्यांनी गंडा उचलला, निरखला, कपाळाला लावला. मग कोपऱ्यातली एक बांबूची काठी घेतली आणि तिच्या टोकाला गंडा अडकवला. एक पदर खाली लोंबत राहिला.

“चार पावलं मागं हो.”

श्रेयांस मागं झाला.

उस्तादांनी ड्रिल मशीन चालू केली. जाड ड्रिल गरगर फिरू लागलं, इतकं, की ते थांबलंय असं वाटावं. उस्ताद हात लांब करून उभे राहिले आणि काठी हळूहळू पुढं नेली. लोंबणारा पदर ड्रिलला नुसता शिवला.

फट्!

काठीचं टोक हिसक्यानं खाली आलं. उस्तादांनी ती ताबडतोब सोडून दिली. काठी मशीनच्या टेबलावर आपटून जमिनीवर पडली. गंडा कुठंच दिसेना. मग दिसला. ड्रिलभोवती एक लाल रेघ होती.

श्रेयांसची पापणी लवायच्या आत हे झालं होतं.

उस्तादांनी मशीन बंद केली. ड्रिल फिरत राहिलं… मंदावलं… थांबलं.

“नववा परत म्हण,” उस्ताद म्हणाले.

“नऊ. अंगावर लोंबणारं काही नको. सैल कपडे, घड्याळ, अंगठी, साखळी…”

श्रेयांस थांबला.

उस्ताद त्याच्या उजव्या मनगटाकडं बघत होते.

बाहीच्या खाली तिथं एक काळपट धागा होता. सहा वर्षांपूर्वी, जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी, आईनं बाहुबलीच्या डोंगरावर नेऊन तो बांधला होता. तेव्हा तो केशरी होता. आता त्याचा रंग उडाला होता, गाठ सुजून मण्यासारखी झाली होती आणि दोन टोकं बोटभर बाहेर आली होती. पहिल्या हिवाळ्यात, खोलीत बोलायला कुणी नसायचं तेव्हा, श्रेयांस ती टोकं चाळवत बसायचा. धागा त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की बावीस नियम लिहिणाऱ्या हातावरच तो होता आणि लिहिताना त्याला दिसला नव्हता.

“हा… आईचा आहे,” तो म्हणाला.

“दिसतंय.”

“आणि सैल नाही. घट्ट आहे.”

उस्तादांनी ड्रिलकडं बोट केलं. “तो बघ. तो पण आता घट्ट बसलाय.”

श्रेयांसनं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं.

“तिकडं कुणी काढायला लावला न्हाई?”

“वर्कशॉपच्या सरांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, धार्मिक आहे. ते बिचारे ओशाळले. वरून चिकटपट्टी लावायला सांगितली.”

“भली माणसं.”

“हो.”

“आमच्याकडं ओशाळायची सोय न्हाई.”

सिद्राम चाकावरचा हात न काढता बोलला. “दादा, माझी लग्नातली अंगठी अकरा वर्षं कपाटात हाय. बायको म्हणती, माणूस बिनलग्नाचा दिसतोय, कुणी पोरगी द्यायला यील. मी म्हटलं, येऊ दे की! तवापासनं डब्यात चटणीच.”

कुणी हसलं नाही. सिद्रामलाही ते कळलं आणि तो पुन्हा कामाला लागला.

“उस्ताद, मी बाहीच्या आत खोचतो. पट्टी लावतो. हवं तर ड्रिलवर मी काम करणारच नाही, फक्त शिकवीन…”

“शिकव की.” उस्ताद स्टुलावर बसले. “धाग्यासकट लई माणसं येतात इथं. मी सगळ्यांना चहा पाजतो. सिद्राम, दोन चहा सांग.”

श्रेयांसला अर्थ कळला. अकरा चहा तो आधीच प्यायला होता. हा बारावा प्यायला, की शाळेच्या बाकांवरची धूळ तशीच राहणार होती.

“नको,” तो म्हणाला. “चहा नको.”

सिद्राम उठता उठता परत बसला.

श्रेयांसनं गाठीत नख घालून बघितलं. गाठ दगड झाली होती. त्यानं भिंतीवरची पत्रा कापायची कात्री काढली, उस्तादांसमोर धरली आणि मनगट पुढं केलं.

“तुमच्या हातानं कापा.”

“मी?” उस्ताद दचकून उठले. “आईनं बांधलेलं मी कापू? उद्या ती काठी घेऊन इथं आली तर?”

“ती नाही येणार.”

“ती न्हाई आली तर मलाच झोप यायची न्हाई. न्हाई बाबा. ज्याचा हात त्यानं बघावं.”

ते वळले आणि पाठ करून उभे राहिले.

श्रेयांस कात्री धरून उभा होता. अवजड कात्री, आणि धागा इतका बारीक. त्यानं आईचं तोंड आठवून बघितलं. ती गाठ मारताना काही पुटपुटत होती, पण काय ते सहा वर्षांत त्याला कधी आठवलं नव्हतं. आत्ताही आठवलं नाही. एवढंच आठवलं, की गाठ मारून झाल्यावर तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि पाची बोटं एकेक करून दाबली होती.

त्यानं डाव्या हातानं कात्रीचं पातं धाग्याखाली सरकवलं.

कच्.

एवढाच आवाज. धागा तळहातावर पडला. मनगटावर पांढरा पट्टा उरला, सहा वर्षं ऊन न बघितलेल्या कातडीचा. हात एकदम हलका वाटला, आणि परका.

त्यानं धागा रुमालात गुंडाळून पाकिटात ठेवला. कात्री खिळ्याला परत टांगली. मग तो ड्रिल मशीनपाशी गेला. गंडा सोडवायचा होता. त्यानं आधी बटण बंद असल्याचं बघितलं, मग भिंतीतला प्लग उपसला, वायर ओढून प्लग आपल्या खांद्यावर टाकला आणि त्यानंतरच ड्रिलला हात लावला.

उस्ताद वळले होते. खांद्यावरच्या प्लगकडं बघून त्यांनी मान हलवली. तीन भेटींत पहिल्यांदा.

“हे बावीसात हाय?”

“प्लग काढायचा हे आहे. खांद्यावर ठेवायचा, हे नाही.”

“मग का ठेवलास?”

“दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून.”

“आता तेवीस कर.”

गंड्याचे तुकडे निघाले. तेलात माखलेले, चिंध्या झालेले. श्रेयांस एकेक उलगडून बघत होता. मनगटाला वेढा पडेल एवढा एकही नव्हता.

तोवर उस्तादांनी नारळ हातोडीनं फोडला. पुडी सोडली. गुळाचा खडा आणि चार फुटाणे उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं श्रेयांसच्या तोंडात घातले. त्यांच्या बोटांना लोखंडाचा वास होता. मग सिद्रामला दिले. मग स्वतः खाल्ले.

“उद्या आठला ये. डबा आण. पहिला महिना झाडू मारायचा, लोखंडाची कुरळी सालं गोळा करायची. हातानं न्हाई, ब्रशनं.”

“आणि शाळा?”

“संध्याकाळी पाचनंतर तू मोकळाच हायेस. त्या अकरा जणांना माझा सलाम सांग. म्हणावं, दस्तगीर म्हणतोय, माणसं पाठवा.”

श्रेयांसनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. उठला तेव्हा त्याच्या मुठीत अजून ते तेलकट तुकडे होते.

“उस्ताद, सगळं झालं. पण गंडा राहिला.”

“कुठं राहिला? बांधला की.”

श्रेयांसनं मनगट उलटसुलट करून बघितलं. पांढऱ्या पट्ट्याशिवाय तिथं काही नव्हतं.

“मला तर दिसत नाही.”

उस्तादांनी खिशातून चकची किल्ली काढली आणि ड्रिलकडं वळले.

“मशीनला तरी कुठं दिसतोय?”