पुढच्याची हाळी

एका डोंगराळ गावात भोयांची एक टोळी राहत असे. राणीची पालखी वाहणे हे त्यांचे पिढीजात काम. सटवाजी त्यांचा नाईक. तो दांडीला सगळ्यांत पुढे खांदा देई आणि म्हाळू सगळ्यांत मागे. मागच्या भोयाला पालखीआड रस्ता दिसत नाही. म्हणून खड्डा आला, दगड आला, अशी हाळी पुढच्याने देत जायचे, ही भोयांची जुनी रीत. पण देवीच्या देवळाची नदीकाठची वाट त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की हाळीची गरजच उरली नाही. हळूहळू ती बंद पडली.

पुढे एका पुरात ती वाट वाहून गेली. राजाने घाटातून नवी वाट पाडली. राणीला नवरात्रात देवीला जायचे होते, म्हणून सटवाजी एकटाच जाऊन वाट पाहून आला. डाव्या अंगाला खोल दरी होती आणि वळणावरचा मुरूम भुसभुशीत होता. तरी त्याने टोळीला सांगितले की वाट झकास आहे. खरे सांगितले तर गडी कच खातील, ही त्याला भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे तो मनाशी म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला आपल्या माणसांची काळजी होती, भरवसा तेवढा नव्हता.

पालखी घाट चढू लागली. पायाखालची जमीन अनोळखी लागली, तसे म्हाळूने मागून विचारले, "नाईक, म्होरं काय हाय?"

"मी हाय ना म्होरं. चला गुमान."

वळणावर मुरूम सरकला आणि म्हाळूचा पाय दरीकडे घसरला. दांडी सोडली असती तर तो सावरला असता, पण पालखी दरीत गेली असती. त्याने दांडी सोडली नाही. गुडघा खडकावर आपटून फुटला आणि पालखी वाचली.

पालखी खाली टेकवून सटवाजी धावत मागे आला. भ्यालास का, असे त्याने विचारले.

म्हाळू म्हणाला, "मुरमाला भ्यालो नसतो, नाईक. तुमी गप होता, त्याला भ्यालो."



राणी पालखीतून उतरली. आपण चालत येऊ, ह्याला आत बसवा, असे तिने सांगितले. म्हाळूच्या रिकाम्या जागी सटवाजीने स्वतः खांदा दिला आणि पुढची जागा दुसऱ्या भोयाला दिली. मागे उभे राहिल्यावर त्याला फक्त पालखीची पाठ दिसू लागली. आपले पाऊल कुठे पडणार हे कळेना. उभ्या जन्मात तो इतका घाबरला नव्हता, आणि विचारायची त्याला लाज वाटत होती. पुढचा भोई सवयीप्रमाणे गप्पच होता.

तेवढ्यात पालखीचा पडदा सरला आणि आतून म्हाळूचा आवाज आला. वेदनेने तो कापत होता.

"नाईक, डावीकडं घसरण हाय. उजव्या अंगानं पाय दाबून या. त्याच्या म्होरचं मला अजून दिसत न्हाई. दिसलं की सांगतो."

सटवाजीचे डोळे भरून आले. देऊळ येईपर्यंत म्हाळू हाळी देत राहिला आणि पालखी एकदाही हिंदकळली नाही. त्याचा गुडघा मात्र कधीच नीट झाला नाही. त्याने पुन्हा पालखीला खांदा दिला नाही.

तात्पर्य: नव्या वाटेने माणसांना नेताना पुढच्याने दिसेल ते सांगावे आणि दिसत नसेल तर तेही सांगावे; कारण पुढच्याने लपवलेला खड्डा मागच्याच्या पायाखाली येतो.